दिल्याचं हॉटेल आणि काकूंची अट

आमच्या पूनम सागरच्या बिल्डिंगीत तीन-चार बायका गॅलरीत उभ्या राहिल्या की दिल्याच्या हॉटेलचा विषय निघतोच. मग एकीला एक आठवतं, दुसरीला दुसरं, आणि गॅसवर दूध उतू जातं!

दिल्या म्हणजे आमच्या शेजारचा दिलीप. नव्वदनंतर आम्ही सगळे मुंबई सोडून शहराबाहेर इथे राहायला आलो, तेव्हापासूनची ओळख. हा कुलाब्याच्या एका इटालियन हॉटेलात वेटर. आजूबाजूला सगळे फॉरेनर, कॅमेरे लटकवून फिरणारे. दिल्या नोकरीवर खूश. फक्त त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, खूश नव्हत्या. नवरा लवकर गेला, गिरगावात लोकांकडची भांडी घासून त्यांनी पोराला बीकॉम केलं होतं.

"मी उष्टी काढली ती पुरेत ना रे? तू पण तेच करतोयस?" म्हणायच्या. दिल्याचं एकच, "आई, एकदा येऊन तर बघ." काकू काही ढिम्म हलायच्या नाहीत. त्याला ते फार लागायचं. आमच्याशी बोलताना हसायचा, पण आम्हाला दिसायचं ना!

*

पहिल्यांदा मी आणि बायको गेलो. दिल्या बो टाय लावून समोर. "गुड इव्हनिंग सर!"

मी मोठ्यांदा म्हटलं, "अरे दिल्या, सकाळी पाण्याची मोटर तूच बंद केलीस ना? अंगाला साबण लावून उभा होतो मी!"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. दिल्यानं मेन्यू कार्डामागे तोंड लपवलं आणि हळूच म्हणाला, "भाऊ, इथे मला एक्सक्यूज मी म्हणतात हो."

तेव्हापासून आमची ही त्याला बिल्डिंगीतही जिन्यावरून हाक मारते, "एक्सक्यूज मी भावजी, जरा सिलेंडर उचलता का?"

*

तिसऱ्या मजल्यावरचे शहाकाका जैन. कांदा नाही, लसूण नाही. त्यांनी एकेका पदार्थातून एकेक वस्तू काढायला लावली. दिल्या चार वेळा किचनमध्ये जाऊन आला. शेवटी म्हणाला, "काका, शेफ म्हणतोय, आता नुसता उकडलेला मैदा उरतोय."

"तो बस, ए ज आपो ने!" म्हणत शहाकाकांनी तेच मागवलं. दोन प्लेट खाल्ल्या. वर खिशातून मेथीचा मसाला काढून भुरभुरला.

*

जवळच्या खारीगावातले पाटीलदादा आमच्याकडे भाजी विकायला यायचे. दिल्यावर त्यांचा फार जीव. म्हणून आम्ही त्यांना कौतुकानं हॉटेलात नेलं. पिझ्झा आला. दादांनी तो उलटापालटा करून बघितला.

"आरं, भाकर हाय, पन कालवन न्हाय! सुकी कशी खाऊ?"

दिल्यानं टोमॅटोचं सूप आणून ठेवलं. दादांनी पिझ्झाचे तुकडे मोडून त्यात कुस्करले, आणि असे काही ओरपायला लागले की विचारू नका! शेजारच्या टेबलावर एक गोरं जोडपं टक लावून बघत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोऱ्यानं दिल्याला बोलावलं, दादांच्या वाडग्याकडे बोट दाखवलं आणि तेच मागवलं. दोन!

*

एकदा शेफनं दिल्याबरोबर काचेच्या भांड्यातून पास्ता पाठवला. कांबळेवहिनींच्या मुलाचा वाढदिवस होता. वहिनी नांदेडच्या. त्या म्हणाल्या, "भांडं रिकामं कसं परत पाठवायचं?" त्यांनी शेंगदाण्याची चटणी भरून पाठवली. आठवड्यानं भांडं परत आलं, पास्ता घालून. सोबत निरोप, "चटणी संपली."

मग काय, चकल्या गेल्या, अनारसे गेले. आमच्यापेक्षा त्या भांड्यानंच कुलाबा जास्त बघितला.

*

आणि एके दिवशी काकूंनी त्यात रव्याचे लाडू भरले. वहिनींनी बरोबर पकडलं. "भरलंत तुम्ही, मग द्यायलाही तुम्हीच चला." काकूंना नाही म्हणता येईना. आम्ही दोघं आणि वहिनी, काकूंना घेऊन निघालो. दिल्याला पत्ता नव्हता. दारात आईला बघून तो हातातल्या ट्रेसकट धावत पुढे आला.

त्यानं स्वतः वाढलं. वाफाळता पास्ता होता. काकू हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"तू जेवलास?"

"आई, मी ड्युटीवर आहे. तू जेव ना."

"तुझ्याआधी मी कधी जेवलेय का?"

दिल्या विनवतोय, वहिनी समजावतायत, काकू ढिम्म. ताटातलं गार व्हायला लागलं. दाराशी फॉरेनर टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभे. दिल्याचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. आई एवढी आली, आणि आता तशीच उपाशी परत जाणार!

तेवढ्यात मॅनेजर डिसोझासाहेब आले. वसईचा माणूस. सूट, टाय, आवाज करडा. दिल्या घाबरला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, एक खुर्ची ओढली, समोर आणखी एक भरलेली प्लेट ठेवायला लावली आणि दिल्याला म्हणाले, "बस. जेव."

दिल्या बो टायसकट आईशेजारी बसला. त्यानं पहिला घास घेतला तेव्हा कुठे काकूंनी घेतला. "बरं केलंय रे," म्हणाल्या. दोघांनी आपापलं ताट स्वच्छ केलं.

दिल्या सवयीनं उठला, आपली प्लेट उचलायला वाकला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. त्याची उष्टी प्लेट स्वतः उचलली आणि भरल्या हॉटेलातून आत घेऊन गेले.

काकू किचनचं दार बंद होईपर्यंत बघत राहिल्या. मग दिल्याला जवळ ओढून हळूच विचारलं,

"ह्यांची आई आहे का रे?"

"आहे की, वसईला."

"तिला सांगू नकोस हं!"