ढवळ्या, चंद्री आणि मोहाचा चोथा

भट्टीवर चोथा आणि गोष्टी, दोन्ही साचतात. मोहफुलं उकळून दारू निघाली, की हंड्यात जो गाळ उरतो तो चोथा. तो निवेपर्यंत बैलबंडीवाल्याला दुसरं काम काय? बोलायचं! माझा थोरला भाऊ नामदेवदादा पांढुर्ण्याच्या भट्टीवरून हा चोथा वाहायचा आणि आमच्या गुरांना घालायचा. या आषाढात दादा तापाने गेला. गोष्टी माझ्याकडे राहिल्या. सांगून टाकतो, नाहीतर आंबतील.

*

आधी भट्टीचा ठेकेदार चोथा नाल्यात फेकायचा. दादाने पाहिलं, नाल्यावरच्या शेळ्या गावातल्या शेळ्यांपेक्षा जाड! त्याने एक टोपली घरी आणली. वहिनीने नाकाला पदर लावला.

"दारूचा वास घरात आला तर मी सौंसरले माहेरी चालली!"

"वास माह्या तोंडाले नाही, चंद्रीच्या तोंडाले हाय. तिले पाठव माहेरी!"

चंद्री म्हणजे आमची म्हैस. वहिनी माहेरी गेली नाही, पण गोठ्यात आली की पदर नाकावरच!

*

स्वातंत्र्य मिळालं त्या साली शेजारचे गुरुजी नवी खादीची टोपी घालून आले. दूध ते आमच्याकडूनच न्यायचे.

"नामदेव, देश स्वतंत्र झाला, अन् तू म्हशीला भट्टीवरचं खाऊ घालून राहिला?"

"मंग उद्यापासून तुमचं दूध बंद करू का गुरुजी?"

गुरुजींनी दुधाचा गडवा पुढे केला. "बंद नको. म्हशीला समजावून सांग!"

*

एका पोळ्याला दादा घाईत होता. चोथा समजून त्याने शेजारच्या माठातला सडवा उचलला. सडवा म्हणजे उकळायच्या आधीचा आंबलेला मोह. दारू अजून त्यातच! सजवलेला आमचा बैल ढवळ्या तोरणाखाली आला आणि पुढचे गुडघे टेकून बसला.

सावरगावच्या बापूरावने हात जोडले. "पाहा! बैल असून पाया पडून राहिला!"

बायांनी ढवळ्याला कुंकू लावलं, ओवाळलं. ढवळ्या घोरायला लागला!

त्या दिवसापासून दादा दर खेपेला चिमूटभर चोथा आधी स्वतः चावायचा. जिभेला चटका बसला नाही, की "थूत्! बरं हाय," म्हणून चंद्रीच्या गव्हाणीत ओतायचा. रोज हेच.

*

नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही भोपाळकडे. तिकडून आलेल्या नव्या अबकारी साहेबाने तिगावच्या रस्त्यावर दादाची बंडी अडवली. वास घेतला.

"बैलों को शराब पिलाते हो?"

"नहीं साहब, पीनेवाले आगे निकल गए. ये बेचारे खानेवाले हैं!"

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या बंगल्यावरून रिकामी टोपली आली. त्यांच्याकडेही गाय होती.

*

दादाची तेरवी होईपर्यंत मी भट्टीकडे फिरकलो नाही. मग गेलो, तर बापूराव स्वतःच्या बंडीत चोथा भरत होता. मी काही विचारलंच नाही. दगड उचलला.

"ठेव खाली लेका! पोळ्याच्या गोटमारीले वेळ हाय अजून!"

"हा चोथा दादाचा हाय!"

"मंग त्याचीच खेप करून राहिलो ना बे! रोज उचलला नाही तर ठेकेदार दुसऱ्याले देते. माहे बैल कंटाळले आता. तुह्यं तू ने."

माझ्या हातातून दगड पडला. रडूच फुटलं.

"रड, रड. पण रडता रडता टोपली धर!"

*

चोथा घरी आला, पण चंद्री खाईना. दादा गेल्यापासून तिने चारा जवळजवळ सोडलाच होता. दूध आटलं, फासळ्या दिसायला लागल्या. मी ओततो, ती तोंड फिरवते.

"भाऊजी, येत्या बाजारात विकून टाका हिले," वहिनी म्हणाली.

"दादाची म्हैस विकू? काहून?"

"मले का हौस हाय? उपाशी मरू द्यायची का मंग?"

मी टोपली गव्हाणीत पालथी केली, फेकून दिली, आणि गोठ्याच्या दारात तोंड फिरवून बसलो.

वहिनी गेली नाही. वळून पाहिलं, तर नाकावरचा पदर खाली आलेला. तिने चिमूटभर चोथा उचलला, तोंडात घातला, नीट चावला.

"थूत्! बरं हाय."

चंद्रीने गव्हाणीत तोंड घातलं.

वहिनीने पदराने ओठ पुसले. "भाऊजी, उद्या एक टोपली जास्त आणजा."