दार लावल्यावर होणारा बिघाड

मंगळवार, १४ मार्च. सकाळी ढगाळ, नंतर कडक ऊन. दुपारी पुतण्या आला, व्हॅनचे दार दुरुस्त करून गेला.

एवढे लिहून वही मिटत होते, पण आज एवढ्यावर भागणार नाही.

हा पुतण्या म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. गाड्यांच्या विजेची कामे करतो. घरात सगळे त्याला वारा म्हणतात, कारण बंद जागा त्याला सोसत नाही. लहानपणी लपाछपी खेळताना तो कपड्यांच्या कपाटात शिरला आणि बाहेरची खिटी पडली. मी दार उघडले तेव्हा ओरडून ओरडून त्याचा आवाज गेला होता आणि नखांत लाकडाची कुसळे घुसली होती. आता चाळिशी उलटली, पोट सुटले, तरी तो लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. रात्री झोपतो तेही दार सताड उघडे टाकून. त्याची बायको म्हणते, "आमच्याकडे चोराला दार लोटायचेसुद्धा कष्ट नाहीत."

सूनबाईच्या व्हॅनच्या खिडक्या मध्येच अडत आणि कुलपे मनाला येईल तेव्हा लागत. दोनदा गाडी त्याच्याकडे नेली. दोन्ही वेळा त्याने ती परत आणून दिली. "काही दोष नाही, काकू."

काल सूनबाई फाटक उघडायला उतरली, दार लोटले आणि तिच्या मागे खटकन सगळी कुलपे लागली. आत माझी चार वर्षांची नात, किल्लीही आतच. ऊन रणरणत होते. आम्ही दोघी काचा ठोकत होतो आणि ती आतून रडत होती. मग तिचे रडणेही मंदावले. सूनबाईने दगड उचलला, तेवढ्यात पोरीने दाराला लाथ मारली आणि कुलपे आपोआप सुटली.

आज वारा आला तो पडलेल्या चेहऱ्यानेच. मी विचारले, "तपासताना तू दारं लावली होतीस का रे?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "दाराच्या तारा रबरी नळीतून गाडीत जातात. दार उघडलं की तुटकी तार ताणून जुळते, लावलं की दुमडते. मला ते कळलं होतं, काकू. पण दार लावणं जमलं नाही."

मी रागावणार होते. पण त्याच्या ओठांचा रंग उडालेला होता.

"कुठल्या दाराची तार ते कळत नाही; एक दार जरी उघडं राहिलं तरी बिघाड दिसणार नाही," तो म्हणाला. "आत बसूनच शोधावं लागेल. तुम्ही बसाल माझ्याबरोबर?"

सूनबाईला त्याने बॉनेटपाशी उभे केले. "वहिनी, मी काच ठोकली की बॅटरीची तार काढा. मग कुलपं हातानं उघडतील."

"काढते. पण भावजी, पुन्हा 'काही दोष नाही' म्हणालात, तर तुम्हालाच डिकीत कोंबीन."

बॅटरी काढली असती, तर बिघाडही दडला असता आणि सगळे पहिल्यापासून करावे लागले असते. हे त्यालाही ठाऊक होते.

आम्ही दोघे आत बसलो आणि त्याने शेवटचे दार लावले. काही क्षण काहीच झाले नाही. मग खटकन कुलपे पडली. त्याने दाराची खुंटी वर ओढली, तर आतल्या मोटरने ती पुन्हा खाली खेचली. पुन्हा ओढली, पुन्हा खाली. खिडकीचे बटण निर्जीव. आत हवा तापत चालली. त्याचा श्वास भात्यासारखा होऊ लागला. काल ती पोर इथेच बसली होती.

त्याची मूठ काचेकडे गेली. मी त्याचे मनगट धरले.

"एकोणतीसचा पाढा म्हण."

"काकू, तो मला मोकळ्या मैदानातही येत नव्हता!"

"मग जेवढा येतो तेवढा म्हण. हात मात्र खाली घाल."

"एकोणतीस एके एकोणतीस... एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." चाचपडत त्याने हात डॅशबोर्डखाली, बिजागरीच्या बाजूला घातला. तारांचा जुडगा त्याच्या हाती लागला. "एकोणतीस त्रिक..." त्याने जुडगा ओढला आणि खुंट्या टपकन वर आल्या. सोडला, खाली गेल्या. पुन्हा ओढला, वर.

"सापडली," तो म्हणाला. दार ढकलून उतरला आणि अंगणातल्या धुळीतच बसला. सूनबाई हातातला पाना न ठेवताच त्याला पदराने वारा घालत होती.

रबरी नळी उघडली, तेव्हा आतल्या दोन तारांचे कवच झिजून तांबे उघडे पडले होते आणि तिसरी तुटलेली होती. तिन्ही बदलून त्याने त्यांवर नवे आवरण चढवले. मग कोणी न सांगता पुन्हा आत बसला आणि दार लावून घेतले. मी बाहेर उभी होते. काचेतून त्याचे ओठ हलताना दिसत होते. एकेक खिडकी खाली गेली, वर आली. कुलपे त्याने सांगितल्यावरच लागली आणि त्याने सांगितल्यावरच सुटली.

उद्या नात त्याच गाडीतून शाळेत जाणार. मी सोबत बसणार आहे.

त्याने चहा तीनदा घेतला. डब्यातली साखर संपली, सकाळी आणायची आहे.