आधी एकदा नको म्हणायचं

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिला लहानपणापासून शुगर आहे आणि दर जेवणाआधी इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. एवढं साधं वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर उतरवतेय. सासरी हे कुणाला माहीत नाही, शेजारीपाजारीही नाही. "पुढं स्थळं बघायचीत," असं म्हणून मी तिच्या पप्पांनाही गप्प बसवलं. लासूर स्टेशनला सासरचं काही कार्य असलं की तिला बाथरूममध्ये नेऊन सुई द्यायची आणि पंगतीत जिलबी आली की दाढ दुखतेय म्हणून सांगायचं. खोटं बोलायची मला इतकी सवय झाली की तिची कुठली दाढ, हेही ठरलेलं असायचं.

मागच्या महिन्यात ती म्हणाली, "मम्मी, रविवारी एका मुलाबरोबर जेवायला जाऊ का?" तिच्या क्लासमधला मुलगा. घर सिल्लोडला, इथं होस्टेलवर राहतो. नाही म्हटलं असतं तर ती न सांगता गेली असती, म्हणून मी हो म्हटलं आणि लगेच तिची शिकवणी घ्यायला बसले.

ताटात नूडल्स वाढून तिला काटा धरायला लावला. तोंड मिटून चावायचं. भुरके मारायचे नाहीत. मोबाईल पर्समध्ये ठेवायचा, वाजला तरी काढायचा नाही. दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही. "आणि त्यानं काही पुढं केलं तर लगेच घ्यायचं नाही. आधी एकदा नको म्हणायचं."

"भूक लागली असली तरी?"

"व्हय. तो परत म्हणतोच. मग घ्यायचं."

"आणि सुई?"

"घरूनच घेऊन जा. तिथं टेबलावर काय कुर्ता वर करत बसणार?"

"अगं, पण जेवण कधी येतंय काय माहीत."

"येतं लगेच."

सुई घेतल्यावर वेळेत पोटात काही गेलं नाही तर काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. तरीही मी ते म्हटलं. ती निघताना तिच्या खांद्यावरची कॉलेजची बॅग काढून घेतली, "ही कसली पोतडी नेतेस," आणि माझी छोटी पर्स तिच्या हातात दिली.

ती गेल्यावर मी कपड्यांच्या घड्या घालत होते. खुर्चीवरची बॅग उचलली आणि बाजूच्या कप्प्यात हाताला ग्लुकोजचा पुडा लागला. फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. ती उचलणार नव्हतीच, मीच तसं शिकवलं होतं.

पुडा घेऊन तिनं सांगितलेल्या हॉटेलकडं स्कूटी काढली. क्रांती चौकात सिग्नलला सगळं अडकलेलं. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "बाजी, हॉर्न मारने से सिग्नल थोडी खुलता." घाईत पुडा डिकीतच राहिलाय, हे मला हॉटेलचा जिना चढताना आठवलं, पण परत फिरले नाही.

हॉटेल गच्च भरलेलं. ती कोपऱ्यातल्या टेबलावर पाठ ताठ ठेवून बसली होती, मी सांगितलं होतं तशी. त्याचा फ्राईड राईस आला होता. तिचं अजून यायचं होतं. त्यानंही चमचा लावला नव्हता.

"तुझं येईपर्यंत यातलं घे ना," तो म्हणाला.

"नको."

"नक्की?"

ती हसली. त्यानं मान हलवली आणि प्लेट आपल्याकडं ओढून घेतली.

मी खांबाआड उभी होते. आता तो परत म्हणेल, आता म्हणेल. आमच्यात कुणी एका 'नको'वर थांबत नाही. एसीत बसूनही तिचे केस कपाळाला चिकटले होते. टिश्यू पेपरची घडी घालायचा प्रयत्न करत होती, जमत नव्हतं. हे मला दिसत होतं. दिसत असताना मी उभी राहिले. पुढं गेले तर त्याला कळेल, लोकांना कळेल. खांबाआड उभं राहून मी हाच विचार करत होते, हे मी मुलीला अजून सांगितलेलं नाही.

तिच्या हातातून ग्लास सुटला आणि मग मी धावले. शेजारच्या टेबलावर एक पोरगं कोल्ड्रिंक पीत होतं. त्याच्या हातातला ग्लास मी हिसकावला आणि तिच्या तोंडाला लावला.

"ओ बाई! पोराचं आहे ते!" त्याची आई ओरडली.

"तिला शुगर आहे!" मी त्याहून मोठ्यानं ओरडले. "सुई घेतलीय आणि पोटात अन्न नाय!"

सगळं हॉटेल आमच्याकडं बघत होतं. ती बाई वळून वेटरवर कडाडली, "अरे खडा क्या है? शक्कर ला पहले!"

मुलगा पांढराफटक पडला होता. "काकू, मी विचारलं होतं. ती नको म्हणाली."

"एकदाच विचारलंस?"

"नको म्हटल्यावर परत कसं विचारायचं? आई म्हणते, मुलगी नको म्हणाली की विषय संपला."

त्याच्या आईनं त्याला चांगलंच शिकवलं होतं. मी शिकवलेलं 'नको' मात्र समोरच्याच्या आग्रहाच्या भरवशावर होतं.

हळूहळू मुलीच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "मम्मी, तू इथं काय करतीयेस?" त्या रागानं माझा जीव भांड्यात पडला.

"काकू, बसा ना, जेवूनच जा," मुलगा म्हणाला.

"नको," मी सवयीनं म्हटलं. त्यानं ते खरं मानलं. मी त्या पोरासाठी दुसरं कोल्ड्रिंक सांगितलं आणि त्यांचं जेवण होईपर्यंत खाली स्कूटीपाशी उभी राहिले.

परतीच्या वाटेवर ती मागं बसली होती. घराच्या वळणावर म्हणाली, "पुढच्या महिन्यात लासूरला साखरपुडा आहे ना? तिथं मी पंगतीतच सुई घेणार."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. दंडावर घेते, कुर्ता वर करावा लागत नाही. तुला माहितीये ते."

माहीत होतंच. मी व्हय म्हटलं.

उद्या तो साखरपुडा आहे. ग्लुकोजचा पुडा तपासून तिची कॉलेजची बॅग मी दाराशी ठेवलीय. जाऊबाई जिलबीचं ताट घेऊन पंगतीत येतील आणि पोरीच्या हातातली सुई बघून माझ्याकडं वळतील. सकाळपासून मी स्वयंपाकघरात पुटपुटतेय, तिला लहानपणापासून शुगर आहे, मीच लपवलं. पहिलं वाक्य जमतंय. दुसरं अजून 'मीच'पाशीच थांबतंय.