नाथाजीतात्यांचा इंग्रजी कागद

नाथाजीतात्या गेले त्याला आज तेरा दिस झालं. दारात डायवर लोक बसलेत, आन जो तो त्या कागदाचंच काढतोय.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तात्या तवा सांगलीच्या एका मालकाच्या ट्रकवर हुते. गूळ भरून पुण्याला निघाले, तर खंबाटकीच्या माथ्यावर ब्रेकच लागंना. तात्यांनी चाकाखाली धोंडं लावलं, पायी घाट उतरले आन शिरवळचा फिटर घिऊन आले. गूळ एक दिस उशिरा पोचला. मालकानं तात्यांना काढून टाकलं. पर जाताना टाइप केलेला, शिक्क्याचा कागद दिला. म्हणाला, "ह्यो दाखव, कुठंबी घेतील."

तात्यांना इंग्रजी येत न्हवतं. दुसऱ्याकडनं वाचून घ्यायचं म्हंजी मालकावर संशय घेतल्यागत, म्हणून तेबी केलं न्हाई. सांगलीत तीन ठिकाणी गेले, इस्लामपुरात एका. समोरचा वाचायचा, तात्यांच्या तोंडाकडं बघायचा आन घडी घालून परत द्यायचा. "सध्या जागा न्हाई."

चार म्हैनं गेलं. जेवताना बी तात्यांचा डावा हात गेर टाकल्यागत हलायचा.

तात्यांच्या मालकीण रंगुकाकू म्हणायच्या, "आवं, अंगारा वाटत हिंडल्यागत काय दाखवताय त्यो? एकदा वाचून तरी घ्या."

"मालकानं दिलाय गं. वंगाळ कशाला लिवंल?"

मलकापुरात मानसिंग म्हणून चार ट्रकांचा मालक हुता, आदी मिल्ट्रीत हुता. त्यानं कागद वाचला आन इचारलं, "डायवर, ह्यात काय लिवलंय ठावं हाय का?"

"चांगलंच आसंल."

"भरलेली गाडी घाटात सोडून गेला, असं लिवलंय."

तात्यांनी कागद उलटापालटा करून बघितला. मग म्हणाले, "सोडून गेलो ही खरं हाय. का गेलो, ते न्हाई व्हय लिवलं?"

"न्हाई. तुमी सांगा."

एवढं आजवर कुणी इचारलं न्हवतं. तात्यांनी सगळं सांगितलं. मानसिंगनं शिरवळच्या फिटरला कार्ड टाकलं. आठ दिसांनी उत्तर आलं, ब्रेकची नळी फुटली हुती म्हणून. त्याच सकाळी तात्यांच्या हातात चावी आली.

पुढं तात्या तितंच जुनं झालं. नवा डायवर आला की मानसिंग इचारायचा, "तात्या, ह्यो गडी कसा हाय?" तात्या म्हणायचे, "त्याला हितं बोलवा. त्याच्या म्होरं सांगतो."

आत्ता दारात धुळा डायवर डोळं पुसत म्हणाला, "माझं तर लय वंगाळ सांगितलं हुतं. दोनदा गाडी घासलीय, झोपतोय लय, सगळं. मी आपला खाली मान घालून उठाय लागलो. तर हात धरून बसवलं आन म्हणाले, थांब गड्या, माझं झालं. आता तुझं सांग."