कांजीची साडी आणि हिरवे मणी

वडील केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार होते. छातीचं दुखणं जडलं आणि काम सुटलं. तेव्हापासून नागरवाड्यातलं आमचं दीड खोलीचं घर आईच्या हातांवर चाललं. हरणी भागातल्या सोसायट्यांत ती लोकांचे कपडे धुवायची. सुट्टीच्या दिवशी मीही जायचे. तिचा नियम एकच, पाणी नितळ येईपर्यंत विसळायचं. "फेस राहिला तर उद्या दुसरी बाई ठेवतील," म्हणायची. माझ्या हातांना ती सवय लागली ती लागलीच, आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तीच मला नडली.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. माझ्या प्रोजेक्टचा विषय सांगते. पेशीत निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांना डोमेन नावाचा एक घडीदार भाग असतो. दुसऱ्या प्रथिनाच्या लांब साखळीतला आठ-दहा अमिनो आम्लांचा तुकडा तो नेमका ओळखतो आणि धरतो. माझ्या डोमेनला प्रोलीन हे अमिनो आम्ल ठरावीक जागी असलेला तुकडा लागायचा. त्यातली दोन प्रोलीन बदलली, तर त्यानं धरायला नको. एवढंच दाखवायचं होतं. डोमेन बारीक मण्यांवर बसवायचं, चमकता रंग लावलेला तुकडा त्यात सोडायचा, मणी धुवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. तुकडा धरला असेल तर मणी हिरवे दिसतात.

माझे दर वेळी काळे. मी सात-सात वेळा धुवायचे, शेवटचं पाणी उजेडात धरून बघायचे. शेजारच्या टेबलावरची गुजराती मैत्रीण हसायची, "अरे बेन, मणका धुए छे के गोदडां?" मणी धुतेस की गोधड्या, असं.

प्रोजेक्टच्या मॅडमनी शेवटी सांगितलं, "शनिवारपर्यंत दिसलं नाही तर विषय बदलू. सत्र मात्र मागे जाईल."

मला एका लॅबोरेटरीत नोकरी ठरली होती, पण डिग्री वेळेत मिळाली तरच. मी कामाला लागले की आईनं हरणी सोडायची, असं आमचं ठरलं होतं. तिचे गुडघे आधीच बोलत होते.

गुरुवारी दुपारी तिच्या मदतीला गेले. डोक्यात मणीच. आईनं एक सुती साडी कांजीतून काढून बादलीत ठेवली होती. मी ती उचलली आणि नळाखाली धरली.

"अगं ए शहाणे! कांजी दिलेली साडी विसळतात होय? गेली ना सगळी! ती काय पक्का रंग आहे चिकटून बसायला? नुसती पिळायची आणि वाळत टाकायची. एवढी शिकलीस ती कशाला?"

मी ओली साडी हातात घेऊन उभीच राहिले. छोट्या तुकड्यावरची पकड सैलच असते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. निरोप पोचला की सोडून द्यायचं असतं, म्हणून ती सैल. आणि मी तिला सात पाणी देत होते.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कमी धुतलंस तर बदललेला तुकडाही चमकेल. मग सिद्ध काय झालं?" खरंच होतं ते.

म्हणून शुक्रवारी खरा आणि बदललेला, दोन्ही तुकडे घेतले. दोन्हींना गार पाण्याचा एकच झपाट्याचा हात, बस्स. आधी बदललेला तुकडा ठेवला. काळोख. मग खरा ठेवला. मणी असे हिरवेगार चमकले, जसे नवरात्रातले दिवे! मी ओरडले ती मराठीतच. मैत्रीण धावत आली, मला बाजूला सारून तिनं डोळा लावला आणि म्हणाली, "जो ने, गोदडां सूकाई गयां!" बघ, वाळल्या एकदाच्या गोधड्या!

शनिवारी मॅडमसमोर पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्यांनी स्वतः मणी धुतले, तरी तेच. वहीवर सही करताना त्यांनी विचारलं, "कमी धुवायचं कुणी सुचवलं?"

"आईनं," मी म्हटलं. "ती कपडे धुते."

आता धुवत नाही. मी एम.एस्सी. वेळेत पास झाले, नोकरीला लागले, आणि आईनं हरणीचं काम सोडलं.