पगाराखेरीज काही नाही

कोंडीरामच्या खोलीवर इन्कम टॅक्सची धाड पडली, ही बातमी आमच्या लोअर परळच्या चाळीत नळाचं पाणी जायच्या आत वर-खाली फिरली. ती मी उठवली नाही. मी फक्त दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर नेली. सुंदराबाईंनी तर गादीतून नोटा निघाल्याचंही सांगितलं. त्या खोलीत गादी कुठली? नऊ माणसांत चार गोधड्या.

आलेले दोघे इन्कम टॅक्सचे नव्हतेच. कोंडीरामच्याच कंपनीचा एक बाबू आणि एक शिपाई होता. कामावरून काढल्याचं पत्र घेऊन आले होते.

कोंडीराम ठाकूरद्वारला एका औषध कंपनीत कारकून. हाताला वळण सुरेख. गिरण्यांच्या संपात मोर्च्याचे फलक त्याने फुकट रंगवले, कारण दोन महिन्यांत मिटणार असं जो तो सांगत होता. मिटला नाही. थोरला भाऊ रामजी साच्यावर होता, त्याला मिलने परत घेतलंच नाही. मग रामजीचं बिऱ्हाडही याच खोलीत आलं आणि कोंडीराम ऑफिस सुटल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. पगारात भाडं आणि रेशन, पाट्यांत पोरांच्या फिया. सहा वर्षं असंच चाललं.

दर फेब्रुवारीत कंपनी टॅक्स कापण्यासाठी एक कागद भरून घ्यायची. पगाराखेरीज उत्पन्न किती? सगळे लिहायचे, ‘काही नाही’. त्यातला एक घड्याळं विकायचा, दुसरा विमा. कोंडीरामही तेच लिहायचा.

पण त्या वर्षी बुद्धविहारात मुलांकडून पंचशील म्हणून घ्यायचं काम त्याच्याकडे आलं. रविवारी पोरांना सांगायचं, खोटं बोलणार नाही, आणि सोमवारी सही करायची ‘काही नाही’वर! त्याला ते जमेना. बायको कौसल्या म्हणाली, “अहो, पोरं काय तुमचा कागद वाचायला येणारेत?” तरी याने प्रत्येक पाटी तारखेसकट लिहून दिली.

टॅक्स कापला गेला तो किरकोळ. पण कागद मॅनेजरच्या टेबलावर गेला. नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं, परवानगीशिवाय दुसरं काम करायचं नाही. पुरावा शोधायची गरजच नव्हती, कोंडीरामने स्वतःच्या वळणदार अक्षरात दिला होता. माफीचा अर्जही त्याच अक्षरात गेला. उत्तर म्हणून ते दोघे आले.

आता नव्या दुकानांना आतून दिवा लागणारी प्लास्टिकची पाटी हवी असते. ब्रशला काम नाही. रामजीच्या मुलीची शाळा सुटली. रामजी जिन्यात बसतो, कोणी आलं तर पाय आखडून घेतो, वर बघत नाही.

परवा कोंडीराम गॅलरीत रॉकेलमध्ये ब्रश धूत बसला होता. रंग तर कधीच निघून गेला होता, तरी धूत होता. माझी जीभ कुठली गप्प बसायला!

“अरे कोंडीराम, दोन शब्द लिहायचे होते रे! मी शाळा सुटल्यावर शिकवण्या घेतोच ना? कागदावर लिहितो, ‘काही नाही’. झालं माझं काही वाकडं?”

त्याने ब्रश झटकला आणि म्हणाला, “मास्तर, तुमच्या शिकवणीची पाटी मीच रंगवली. तिचे पस्तीस रुपये तुम्ही अजून दिले नाहीत. मी मात्र ते त्या कागदात धरले होते.”