एकादशीचा जटका

बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या अड्ड्यावर रघुजीचा जटका, म्हणजे तिकडचा टांगा, डोळे मिटूनही ओळखू यायचा. त्याच्या कावेरी घोडीच्या अंगाला मंगळूरहून आलेलं तारली मासळीचं तेल चोपडलेलं असे. त्या वासाला माशी म्हणून फिरकत नसे. बाकीची घोडी दिवसभर शेपट्या आपटत, कावेरी सुखाने चणे खाई.

"अण्णा, मासळीबाजारच जुंपलायस की!" सोबती चिडवत.

"तुझं नाक तू धर," रघुजी म्हणे. घराणं तीनशे वर्षं बेंगळुरात मुरलेलं, तोंडात निम्मी कन्नड. पण ताठा काही कमी झाला नव्हता.

तो ताठा वितळे फक्त भीमाचार्यांपुढे. आचार्य दर एकादशीला मठात प्रवचनाला जात, ते रघुजीच्याच जटक्यातून. एवढा सोवळ्यातला माणूस मासळीच्या वासात बसणार कसा? म्हणून त्या दिवशी सकाळी रघुजी घोडीला रिठ्याने खसाखसा धुई. कोणी सांगितलं नव्हतं हो! आपलं आपणच ठरवलं आणि आचार्यांना कधी विचारलंसुद्धा नाही.

एकोणसाठ साली गळपट्ट्याने कावेरीचा खांदा सोलला आणि नेमकी एकादशी आली. बायको सोयराबाई म्हणाली, "आज धुऊ नका. जखमेवर माश्या बसतील, घोडी हातची जाईल. स्वल्प तरी तेल राहू द्या."

रघुजीने ऐकलं नाही. प्रवचन तीन तास चाललं. मठाबाहेर तो पंच्याने वारत राहिला, तरी जखम माश्यांनी काळी झाली. चौथ्या दिवशी तीत अळ्या वळवळल्या. गुरांच्या डॉक्टरांनीही हात टेकले. पुढची एकादशी यायच्या आत कावेरी गेली आणि रघुजी चारचौघांत ढसाढसा रडला.

जटका आला नाही म्हणून आचार्य चालत रघुजीच्या घरी आले. सगळं ऐकून म्हणाले, "तेल का नाही लावलंस?"

"तुमच्यासाठी धुवायचो, स्वामी. वास येऊ नये म्हणून."

आचार्य कट्ट्यावर बसले. "वास दर वेळी यायचा, रघुजी. रिठ्याने जातो होय तो! जनावराचं औषध आहे, म्हणून मी बोललो नाही. घरी जाऊन अंघोळ करायचो, झालं."

रघुजीला वर बघवेना.

वर्षभराने दुसरी घोडी आली. आचार्य पुन्हा बसू लागले. एकादशीला रघुजी आता तेलाचा डबा घेऊन आचार्यांच्या दारात जाई आणि त्यांच्या डोळ्यांदेखत घोडीला चोपडी.